तोंड बघून तिकीट

शिरूरच्या एसटी स्टँडवर चहाच्या टपरीसमोर सिमेंटची बाकडी आहेत. त्यातल्या पहिल्या बाकावर सकाळी आठ ते दहा चांगदेव ओव्हाळ, म्हणजे सगळ्यांचे आप्पा, बसलेले सापडणार म्हणजे सापडणारच. कंडक्टर म्हणून रिटायर होऊन आठ वर्षं झाली, पण स्टँडचा धूर नाकात गेल्याशिवाय त्यांना सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. घरी सोजरबाई म्हणतात, "नोकरी सुटली, पर ड्युटी काय सुटंना." यावर आप्पा काही बोलत नाहीत. चौतीस वर्षं पॅसेंजरशी हुज्जत घातलेल्या माणसाला बायकोशी घालायची ताकद उरत नाही, हे त्यांनी फार पूर्वीच ओळखलं होतं.

आप्पांची ख्याती मात्र हुज्जतीसाठी नाही. माणसाच्या तोंडाकडे बघून ते त्याचा जिल्हा सांगतात. राज्य तर कुणीही सांगेल. आप्पा जिल्हा सांगतात, आणि अंगात आलं तर तालुकाही.

हे शिकवलं कुणी नाही. शिरूर-दौंड रोडवर माणसंच तशी चढत. न्हावऱ्याला कांद्याची पिशवी घेऊन म्हातारी चढायची, चौफुल्याला ऊसतोडीला आलेली बीडकडची जोडपी. राहूच्या गुऱ्हाळांवर गूळ बनवायला उत्तर प्रदेशातले कारागीर यायचे. रांजणगावची एमआयडीसी झाली आणि मग ओरिसा, बंगाल, बिहार, आसाम असा सगळा नकाशाच गाडीत उभा राहून प्रवास करू लागला. शेवटच्या स्टॉपला दौंड. तिथली रेल्वे कॉलनी म्हणजे तर चेहऱ्यांचं दुकान. निम्म्या लोकांना मराठी यायचं नाही, तेव्हा तिकीट फाडायच्या आधी समोरचा कोण, कुठला, कुठं उतरणार हे ताडावंच लागे. ताडता ताडता नजर बसली.

रंगाला आप्पा विचारतच नाहीत. "रंगाचं काय घिऊन बसलाय, त्यो उनाचा असतो," म्हणतात. ते बघतात गालाचं हाड कुठं थांबतं ते, भुवई कुठून निघते ते, आणि माणूस गप्प असताना ओठ कसे ठेवतो ते. ओठांवर त्यांचा फार भरवसा. दहातले सात-आठ अंदाज बरोबर येतात. उरलेले दोन-तीन स्टँडवर कुणी मोजत नाही, आणि आप्पा तर मुळीच नाही.

बाकड्यावर त्यांच्या शेजारी मारुतराव बसतात. मारुतराव बारा एकराचे बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन, आठवड्यातून तीनदा मार्केट यार्डात कांदा घेऊन येणार. कांदा उतरेपर्यंत इकडे चहा. आप्पांना ते मास्तर म्हणतात, कारण जुन्या लोकांत कंडक्टरला मास्तरच म्हणायची रीत. आप्पांनी जिल्हा सांगायचा, मारुतरावांनी उठून त्या माणसाला विचारून यायचं आणि चुकलं तर चहा आप्पांकडून, असा दोघांचा जुना खेळ. बहुतेक वेळा चहा मारुतरावांनाच पाजावा लागतो, आणि ते दर वेळी "मास्तर, तुमी आधीच विचारून ठिवता," म्हणून पैसे देतात.

एकदा एका तरण्याताठ्या पुढाऱ्यानं हा खेळ बघितला आणि हसत हसत म्हणाला, "आप्पा, मग जातबी सांगा की."

आप्पांनी कप खाली ठेवला. "जिल्ह्यापतुर तिकीट हाय माझ्याकडं. त्याच्या म्होरलं न्हाई."

मारुतराव आपल्या कपात बघत बसले. त्यांना कारण ठाऊक होतं. नोकरीला लागल्या वर्षी आप्पा शिरूरात भाड्यानं खोली शोधत होते. एका आजीबाईंनी मोठ्या मायेनं खोली दिली, पाण्याचा तांब्या दिला. दुसऱ्या दिवशी आडनाव कळलं. आजीबाईंनी किल्ली परत मागितली आणि म्हणाल्या, "तोंडाकडं बघून वाटलं न्हाई हो तसं." त्यांनी बिचाऱ्यांनी ते कौतुक म्हणून म्हटलं होतं. शिवी असती तर आप्पा विसरून गेले असते. हे मात्र चाळीस वर्षं झाली तरी अजून बोचतं, आणि का बोचू नये?

तर अशा या माणसाची मुलगी करुणा. दौंडला नर्स आहे. जावई सम्राट रेल्वेत सिग्नलच्या कामावर. लग्नाला नऊ वर्षं झाली, दवाखाने झाले, पुण्याच्या खेपा झाल्या, आणि एक दिवस दोघांनी ठरवून पुण्यातल्या एका संस्थेतून अकरा महिन्यांची मुलगी दत्तक घेतली. नाव ठेवलं संघमित्रा. घरात मित्रा.

नामकरणाला आप्पा आणि सोजरबाई सकाळच्या गाडीनं दौंडला गेले. आप्पांनी नवा सदरा घातला होता आणि लेकरासाठी झबलं, टोपी, चांदीचे वाळे असं सगळं स्वतः जाऊन आणलं होतं. दारातच करुणा मुलीला कडेवर घेऊन उभी. आप्पांनी हात पुढं केले, बघितलं, आणि करुणा एक पाऊल मागं सरली.

"आप्पा, राग मानू नका. पण तिच्याकडे त्या तिकिटाच्या नजरेनं बघू नका."

"आगं, मी कुटं..."

"बघताय. मला कळतंय. तुम्ही एकदा बोललात की ते स्टँडभर होतं, आणि तुमचं कुणी खोटं धरत नाही. उद्या ती तुमच्या तोंडून निघालेल्या जिल्ह्याची होऊन बसेल. मला नकोय ते. ती दौंडची आहे. आमची आहे."

"न्हाई बघत," आप्पा म्हणाले. "शब्द दिला."

पण शब्द द्यायला अर्धा क्षण उशीर झाला होता. सवय ती सवय. करुणा बोलत असतानाच आप्पांच्या मनात एका जिल्ह्याचं नाव उठलं होतं, आणि ते उठलं ते उठलंच. तो जिल्हा कोणता हे त्यांनी सोजरबाईंनाही सांगितलं नाही. तेव्हा आपणही विचारू नये हे बरं.

तिथून पुढे आप्पांनी जो शब्द पाळला, तो पाळण्याची तऱ्हा बघून हसावं की रडावं कळत नाही. त्यांनी विचार असा केला की बघितलं तर दिसणार, दिसलं तर कधी ना कधी तोंडातून जाणार. त्यापेक्षा बघायचंच नाही. पोरीच्या तोंडाकडे नजर न्यायचीच नाही.

आणि सहा वर्षं नेली नाही. बाकी तिच्यासाठी काय केलं नाही म्हणाल तर सांगता यायचं नाही. तिच्या पावलांचं माप त्यांना पाठ. बाजारातून न विचारता चप्पल आणत आणि ती नेमकी बसे. पाठीमागं बसून तिच्या दोन वेण्या घालायला ते शिकले, त्याही अशा घट्ट की करुणाला जमू नयेत. तिला मांडीवर झोपवून गोष्टी सांगत, सांगताना समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत. गणितं घेताना शेजारी बसत, समोर कधी नाही. व्हिडिओ कॉल आला की त्यांचा फोन हटकून छताच्या पंख्याकडे वळलेला असे आणि स्वतः ते खिडकीबाहेर बघून बोलत. सोजरबाई वैतागत. "आवं, लेकराशी बोलताना भितीकडं काय बघताय? भितीवर काय लिवलंय का?"

"कानानं आयकतोय न्हवं मी," आप्पा म्हणत. आपण एवढा अवघड शब्द एवढा चोख पाळतोय याचा त्यांना मनातून अभिमानच होता.

मधे एकदा मारुतरावांनी सहज म्हटलं, "मास्तर, दुनियेचं सांगता, नातीचं कवा सांगणार?" आप्पा अर्धा चहा तसाच टाकून उठले ते आठ दिवस स्टँडवर फिरकले नाहीत. नवव्या दिवशी मारुतराव अर्धी गोणी कांदा स्कूटरवर टाकून त्यांच्या दारात हजर. माफी मागणं मारुतरावांच्या घराण्यात नाही. त्यांनी एक कांदा उचलून आप्पांसमोर धरला आणि गंभीरपणे विचारलं, "ह्याचा जिल्हा सांगा बरं." आप्पांना हसू आलं. भांडण मिटलं, पण तो विषय पुन्हा निघाला नाही.

यंदाच्या मे महिन्यात मित्रा पंधरा दिवसांसाठी शिरूरला आली. आई-बाबांशिवाय पहिल्यांदाच. सात वर्षांची झाली होती, आता तिसरीत जाणार. आप्पांचे पाय जमिनीवर नव्हते. रोज कलिंगड, रोज बर्फाचा गोळा. आठव्या दिवशी ते तिला हाताला धरून स्टँडवर घेऊन गेले.

मारुतरावांनी तिला क्रीमरोल घेऊन दिला. ती दोघांच्या मधे बसून पाय हलवत खाऊ लागली. तेवढ्यात पाठीवर पिशवी टाकलेला एक तरुण आला आणि राहूची गाडी कुठं लागते म्हणून हिंदीत विचारू लागला. आप्पांनी चष्मा नाकावर सारला, पुढं वाकून त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. "मुजफ्फरनगर?"

तो तरुण चाट पडला. "शामली, चाचा. बगल में ही है. आपने कैसे जाना?"

"गुऱ्हाल पे जा रहे ना? वो उधर, तीन नंबर पे खडे रहो." आप्पांनी हिंदीची वाट लावत त्याला फलाट दाखवला.

मग कडेवर मूल घेतलेली एक बाई पाण्यासाठी थांबली. आप्पांनी तिच्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, डोळे बारीक केले. "उदगीरकडल्या का वो ताई?"

"देगलूर," ती हसून म्हणाली.

"हाफ तिकीट!" मारुतराव ओरडले, आणि टपरीवाल्यासकट सगळे हसले.

मित्राही हसली. मग हसायची थांबली. आप्पा अनोळखी माणसाच्या तोंडाकडे कसे बघतात, हे ती प्रथमच एवढ्या जवळून बघत होती. चष्मा सावरून, पुढं वाकून, डोळ्यांत कौतुक घेऊन, एखादा फार दिवसांनी पाहुणा दारात यावा तसे ते बघत. तिनं क्रीमरोल कागदात गुंडाळला, बाकावरून उतरून आप्पांच्या पुढ्यात उभी राहिली.

"आबा, माझ्याकडे बघा ना."

"बघतूय की," आप्पा तिच्या रिबिनीकडे बघत म्हणाले. "ही बघ सुटलीया. फिर तिकडं, बांधून देतो."

ती फिरली. रिबीन बांधून झाली. घरी येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही, आणि आप्पांना वाटलं ऊन लागलं असेल.

दुपारी ती जेवायला बसेना. आप्पा अंगणातल्या नळावर पाय धूत होते. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

"भूक न्हाई म्हंजी काय? सकाळधरनं क्रीमरोलावर हाय तू," सोजरबाई म्हणत होत्या.

"आज्जी, मी आबांना आवडत नाही ना?"

"आँ? आसं कोन म्हनलं?"

"ते सगळ्यांच्या तोंडाकडे बघतात. त्या राहूच्या काकाकडे बघितलं, त्या बाळाकडे पण बघितलं. माझ्याकडे कधीच बघत नाहीत." मग ती म्हणाली, "मला माहितीय मला आणलंय. आईनं सांगितलंय मला. आबांना नको होतं का आणायला?"

नळ वाहत राहिला. आप्पांना तो बंद करायचं सुचलं नाही. लेकरू सहा वर्षं आपल्या तोंडाकडे बघत होतं. आपण मात्र शब्द पाळत बसलो होतो.

ते परसात गेले आणि करुणाला फोन लावला. ती ड्युटीवर होती.

"करुणा, तुला दिलेला शब्द मला परत पायजे."

"कसला शब्द?"

आप्पांनी सांगितलं. पोर काय म्हणाली तेही सांगितलं. पलीकडून कुणीतरी ट्रॉली ढकलत नेल्याचा आवाज आला.

"आप्पा, मी म्हणाले होते तिकिटाच्या नजरेनं बघू नका. बघूच नका असं कधी म्हणाले?"

"दोनी येकच की माझ्याकरता. मला दुसरी नजर हाय कुटं?"

"सहा वर्षं," करुणा म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "सहा वर्षं मी बघतेय, तुम्ही तिच्याकडे बघत नाही. मला वाटलं तुमच्या मनाला ती आपली वाटतच नाही. सम्राट म्हणायचा, एकदा विचार. मला धीर झाला नाही. तुम्ही हो म्हणाला असता तर मी काय केलं असतं?"

आप्पांनी लिंबाच्या खोडाला हात टेकला. लेकीनं आपल्याविषयी असं काही मनात धरून दर दिवाळीला आपल्याला नवं धोतर आणावं, पाया पडावं, आणि आपल्याला पत्ताही नसावा? दुनियेची तोंडं वाचणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीचं तोंड वाचता आलं नव्हतं. याची त्यांना फार लाज वाटली, आणि तसं त्यांनी तिला सरळ सांगून टाकलं.

"आता रडत बसू नका," करुणा स्वतः रडत म्हणाली. "जा आणि बघा तिच्याकडे. काय दिसायचं ते दिसू दे."

मित्रा पुढच्या पायरीवर बसली होती. मुंग्यांच्या रांगेशेजारी साखरेचे दाणे एकेक करून ठेवत होती. आप्पा तिच्या खालच्या पायरीवर, तिच्या समोर येऊन बसले. गुडघे कुरकुरले.

"मित्रे, वर बघ."

"कशाला?"

"मला बघायचंय तुझ्याकडं."

तिनं मान वर केली, पण अशी की फसवणार असाल तर आत्ताच सांगा. आप्पांनी चष्मा पुसला, नाकावर ठेवला, आणि पुढं वाकले.

भीती खरी ठरली. जिल्हा दिसला. सहा वर्षांपूर्वी दारात उठलेलं तेच नाव पुन्हा उठलं, आणि आता तर लेकराच्या भुवया, गाल सगळे भरले होते, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. आप्पांची नजर सवयीनं खाली वळायला लागली. त्यांनी ती वळू दिली नाही. डाव्या भुवईत केस न उगवलेली एक बारीक रेघ होती. कधी तरी पडली असणार. ओठाच्या कोपऱ्याला साखर होती. डोळे रागावलेले होते आणि त्यात रडून गेल्याची लाली होती.

"दिसलं का?" मित्रानं विचारलं.

"काय?"

"मी कुठली ते. सगळ्यांचं सांगता ना."

आप्पांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काय सांगणार होते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ती वाट बघत, तोंड किंचित उघडं ठेवून बसली होती, आणि वरच्या ओळीत अगदी मधोमध दोन दात नव्हते. एकाच्या जागी हिरडीतून नव्या दाताची पांढरी कड वर आली होती.

"आगं, दात कुटं गेलं तुजं?"

"पडले."

"कवा?"

"किती दिवस झाले, आबा! जयंतीच्या आधीच पडले." ती आता जरा उत्साहानं सांगू लागली. "मिरवणुकीत तुम्ही मला खांद्यावर घेतलं होतं ना, तेव्हा पण नव्हते. म्हणून तर पिपाणी वाजत नव्हती. नुसती फुस्स करून हवाच जायची."

चौदा एप्रिलला दौंडला काय झालं होतं ते आप्पांना लख्ख आठवलं. खांद्यावरच्या पोरीची पिपाणी वाजेना म्हणून ते मिरवणूक सोडून पिपाणीवाल्याकडे उलटे गेले होते. लेकरांना खराब माल विकता काय, म्हणून त्याच्याशी कडाकडा भांडले होते. त्यानं कटकट नको म्हणून दुसरी दिली. तीही वाजली नाही. मग रागारागानं पदरचे पैसे टाकून तिसरी घेतली होती. तीन पिपाण्या झाल्या, पण पोरीला खाली उतरवून तिच्या तोंडाकडे एकदा बघावं, हे काही त्यांनी केलं नव्हतं.

"मग तवाच सांगायचं न्हाई का येडे, दात पडल्यात म्हणून?"

"मला वाटलं," मित्रा म्हणाली, "तुम्हाला दिसलंय."

आप्पांना रडू आलं ते आलंच. त्यांनी ते पुसलं नाही आणि नजरही हलवली नाही.

"आ कर बरं मोठ्ठा," ते म्हणाले. "नवा किती आलाय, बघू दे मला."